तीन रिपोर्ट, तीन एलडीएल. धरायचा कोणता?

तळ्यातमळ्यात

नमस्कार मंडळी. आकडे दिल्याशिवाय विचारण्यात अर्थ नाही, त्यामुळे थोडं पाल्हाळ होणार, सांभाळून घ्या.

वय ५२, पुरुष. सिगारेट-तंबाखू नाही, साखर व्यवस्थित, बीपी कधी १२८ तर कधी १३८. वडिलांना ५१व्या वर्षी हार्ट अटॅक आला होता, त्यामुळे मी पन्नाशी ओलांडल्यापासून घरचे माझ्या तपासण्यांच्या मागे हात धुऊन लागलेत. गोळी अजून एकही चालू नाही. या वर्षात झालेले लिपिड प्रोफाइल असे (आकडे मिलिग्रॅम प्रति डेसीलिटरमध्ये):

पहिला रिपोर्ट: एकूण कोलेस्टेरॉल २१२, एचडीएल (म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉल) ४६, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) १४०, एलडीएल (म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल) १३८.
दुसरा, दोन महिन्यांनी, त्याच लॅबचा: १९४, ४४, १५५, एलडीएल ११९.
तिसरा, आणखी तीन महिन्यांनी, दुसऱ्या लॅबचा: २२४, ४५, १६५, एलडीएल १५२.

पहिल्या रिपोर्टनंतर मी रोज चालायला लागलो, खाण्यावर ताबा ठेवला. ११९ आला तेव्हा कॉलर ताठ झाली होती. तिसऱ्याने सगळी हवाच काढून घेतली. चालणं तेच, खाणं तेच, मग हे ३३ आले कुठून? शिवाय तिसऱ्या वेळी 'हार्ट पॅकेज' घेतलं होतं, त्यात हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपी (शरीरातली जळजळ दाखवणारी चाचणी) ३.६ आली, समोर लाल अक्षरात 'हाय'. पहिल्या वेळी ती १.२ होती.

मेव्हणा म्हणतो दुसरी लॅब बोगस आहे. डॉक्टर म्हणतात, परत एकदा करू आणि मग स्टॅटिनचं, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीचं, ठरवू. मला प्रश्न असा पडलाय की चौथा आकडा आला तरी तोच खरा कशावरून? आणि ही चाचणी अशा उड्या मारत असेल तर तिच्या भरवशावर वर्षानुवर्षांची गोळी कशी ठरवायची?

कुशंका

अगदी माझ्या मनातलं विचारलंत. मी दर तीन महिन्यांनी रक्त देते आणि दर तीन महिन्यांनी माझी झोप उडते. गेल्या खेपेला डॉक्टरांनी अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन दहाचं वीस केलं. एलडीएल ९२ चं झालं ९०! डोस दुप्पट आणि फरक दोन. डॉक्टर म्हणाले "ठीक आहे", पण मला वाटतं मला ती गोळीच लागू पडत नाहीये. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

पहाटवारा

तिसऱ्या वेळी बारा तास कडकडीत उपाशी होतात का? नसाल तर तो रिपोर्ट केराच्या टोपलीत टाका. साधी गोष्ट आहे.

परीक्षानळी

माझी नोकरीची सगळी वर्षं बायोकेमिस्ट्रीच्या लॅबमध्ये गेली, आता निवृत्त आहे. त्यामुळे सुयांच्या आणि यंत्रांच्या बाजूने काय दिसतं तेवढं सांगते. गोळी घ्यायची की नाही, हे तुमचे डॉक्टर आणि तुम्ही बघा.

आधी उपासाचं. एलडीएलसाठी उपासाचा इतका बाऊ करायची गरज आता उरलेली नाही. २०१६ मध्ये युरोपातल्या तज्ज्ञ संस्थांनी एकत्र बसून सांगितलं की नेहमीच्या लिपिड तपासणीला उपाशी असायलाच हवं असं नाही. खाऊन गेलात तर ट्रायग्लिसराइड्स सरासरी २५-३० ने वर जातात आणि एलडीएल आठेक आकड्यांनी खाली येतं. म्हणजे न उपाशी राहिल्याने एलडीएल वाढत नाही, उलट थोडं कमी दिसतं. ट्रायग्लिसराइड्स चारशेच्या वर गेली तर मात्र उपाशी राहून पुन्हा करायची. तेव्हा १५२ चा दोष पोटातल्या घासावर ढकलता येणार नाही.

आता कागद-पेन्सिल घ्या. पहिला रिपोर्ट: २१२ मधून एचडीएलचे ४६ वजा करा, ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा भाग म्हणजे २८ वजा करा. उरले १३८. दुसरा: १९४ वजा ४४ वजा ३१, उरले ११९. दोन्ही छापल्याबरहुकूम. म्हणजे तुमच्या पहिल्या लॅबने एलडीएल मोजलेलंच नाही, गणित करून काढलंय. यात फसवाफसवी काही नाही. हे १९७२ सालचं फ्रीडवाल्डचं सूत्र आहे आणि असंख्य लॅबमध्ये अजूनही तेच चालतं.

तिसऱ्या रिपोर्टला तेच करा. २२४ वजा ४५ वजा ३३ म्हणजे १४६. छापलंय १५२. तुमच्या कागदावर एलडीएलच्या शेजारी बारीक अक्षरात 'डायरेक्ट' लिहिलंय का ते बघून सांगा. माझा अंदाज, असणार. डायरेक्ट म्हणजे एलडीएलसाठी वेगळं रसायन वापरून केलेली मोजणी. ऐकायला ती जास्त खरी वाटते, पण प्रत्येक कंपनीचं रसायन आपापल्या पद्धतीने एलडीएल 'ओळखतं' आणि त्यांचं आपसात तंतोतंत जुळत नाही. सूत्रांमध्येही आता नवी आहेत, २०१३ चं मार्टिन-हॉपकिन्स आणि २०२० चं सॅम्पसनचं. ट्रायग्लिसराइड्स खूप आणि एलडीएल कमी अशा रिपोर्टात ती कामाला येतात, तुमच्या आकड्यांत फार फरक पाडणार नाहीत. सांगायचा मुद्दा, तुमच्या ३३ मधले ६ केवळ पद्धत बदलल्याने आले. एकाच गणिताने धरलं तर वाढ ११९ वरून १४६, म्हणजे २७ ची.

आणि हे २७ बहुतेक तुमच्या शरीराचेच आहेत, कुठल्याही लॅबचे नाहीत. लोकांना वाटतं कोलेस्टेरॉल म्हणजे उंचीसारखी गोष्ट, ज्याची त्याची ठरलेली. तसं नसतं. खाणंपिणं, वजन, औषधं सगळं जसंच्या तसं असलं तरी एकाच माणसाचं एलडीएल दिवसागणिक सुमारे ८ टक्के वरखाली होत असतं. एकूण कोलेस्टेरॉल ५-६ टक्के. ट्रायग्लिसराइड्स तर २० टक्क्यांच्या आसपास. त्यात यंत्राची स्वतःची थरथर मिळवा, चांगल्या लॅबमध्ये ती ३-४ टक्के असते. आमच्याकडे सकाळी पहिल्या पेशंटचा नमुना लावायच्या आधी कंट्रोल सीरम, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेला नमुना, लावायचं, त्याचा आकडा तक्त्यावर ठिपक्याने मांडायचा. ठिपके मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना नाचत राहिले की आम्ही निश्चिंत. सगळे ठिपके एकाच बाजूला सरकू लागले की यंत्र थांबवायचं, कॅलिब्रेशन पुन्हा. रोज तोच आकडा, ठिपका रेषेवरच, असं कधी होत नाही. झालं असतं तर मला आधी तो तक्ता लिहिणाऱ्याचा संशय आला असता!

आता या दोन्ही थरथरी एकत्र करायची रीत आहे: दोघींचा वर्ग, बेरीज, वर्गमूळ, आणि त्याला २.७७ ने गुणायचं. शरीराची ८ आणि यंत्राची ३ धरली तर उत्तर येतं साधारण २४ टक्के. याचा अर्थ, दोन रिपोर्टांतल्या एलडीएलमध्ये २४ टक्क्यांहून कमी फरक असेल तर 'खरंच बदललं' असं छातीठोक म्हणता येत नाही. तुमचं १३८ वरून ११९ म्हणजे १४ टक्के घट. ११९ वरून १४६ म्हणजे २३ टक्के वाढ. दोन्ही उंबऱ्याच्या आत. आणि गंमत बघा, छापील १५२ धरला तर वाढ होते २८ टक्के, उंबऱ्याच्या बाहेर! तुमची झोप उडवली ती त्या सहा आकड्यांनी.

तेव्हा ११९ ला तुम्ही चालण्याचं बक्षीस समजलात ते घाईचं, आणि १४६ ला शिक्षा समजताय तेही घाईचं. (चालणं सोडू नका मात्र. बीपीला, साखरेला, वजनाला त्याचा उपयोग आहे. एलडीएलवर त्याचा परिणाम मुळातच माफक असतो, आणि एवढा माफक बदल या चाचणीला एका रिपोर्टात दिसत नाही.)

मग धरायचा कोणता? तिन्ही. १३८, ११९, १४६ ची सरासरी १३४. एकट्या आकड्यावरून तुमची खरी पातळी सांगायची तर दोन्हीकडे २३ ची सूट ठेवावी लागते. तिघांच्या सरासरीला ती सूट १३ वर येते. म्हणजे १२१ ते १४७ च्या दरम्यान कुठेतरी. परत-परत तपासण्याचा खरा फायदा हाच आहे, आणि बहुतेक लोक तो सोडून रिपोर्टांची आपसात कुस्ती लावतात. शेवटचा आकडा तेवढा खरा आणि आधीचे शिळे, असं नसतं.

रक्त काढण्याबद्दलही थोडं, कारण हे कागदावर कधीच उमटत नाही. धावतपळत आलात, उभ्याउभ्या नंबर लावला आणि लगेच दंड पुढे केला, तर आकडे थोडे वर येतात. उभं असताना रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांबाहेर झिरपतं, कोलेस्टेरॉल वाहून नेणारे मोठे कण मात्र आतच राहतात, म्हणून रक्त दाट होतं. उभ्या माणसाला वीस मिनिटं आडवं केलं तर त्याचं एकूण कोलेस्टेरॉल १० टक्क्यांच्या आसपास खाली आलेलं दिसू शकतं. दंडाचा पट्टाही तसाच. शीर सापडेना म्हणून तो दोन-तीन मिनिटं आवळून ठेवला की त्या हातातलं रक्त दाटतं. तेव्हा पंधरा मिनिटं बसून मग हात द्या, आणि पट्टा मिनिटभरात सोडायला सांगा. माझ्या हाताखालच्या मुलांना मी यावरून फार बोलायचे. मोठा ताप, शस्त्रक्रिया किंवा खुद्द हार्ट अटॅक यांच्यानंतर काही आठवडे एलडीएल खोटं कमी दिसतं, थायरॉइड मंद असेल तर खरोखर वाढतं. तुमचा टीएसएच झालाय का कधी?

सीआरपीचं वेगळं आहे. त्या दिवसांत सर्दी, घसा, दात, पाय मुरगळणं, काही होतं का ते आठवा.

तळ्यातमळ्यात

परीक्षानळीताई, हात जोडले. चष्मा लावून पाहिलं, 'एलडीएल (डायरेक्ट)' असंच आहे, आणि ते मी आजवर वाचलंच नव्हतं. टीएसएच त्याच पॅकेजमध्ये झालंय, नॉर्मल आहे. आणि हो, रक्त दिलं त्याच आठवड्यात अक्कलदाढेपाशी हिरडी सुजली होती, गाल फुगला होता. पण दाताचा आणि हृदयाच्या चाचणीचा संबंध असेल असं डोक्यातच आलं नाही. मग आता चौथी करू की नको?

रेषाअरेषा

मी संख्याशास्त्र शिकवतो, ताईंच्या मुद्द्याला माझी एक पुरवणी. पुन्हा तपासणी कोण करतं? ज्याचा आकडा वाईट आला तो. ज्याचा चांगला आला तो रिपोर्ट कपाटात ठेवून मोकळा होतो. आता वाईट आलेल्या आकड्यांत काही जण असे असणारच की ज्यांची पातळी ठीक आहे, पण त्या दिवशी थरथर वरच्या बाजूला पडली. त्यांनी पुन्हा रक्त दिलं की काहीही न करता आकडा खाली येतो. मधल्या काळात त्यांनी जे काही केलं असेल, काढा, उपवास, श्वासाचे व्यायाम, श्रेय त्याला जातं. फ्रान्सिस गॉल्टनने १८८६ मध्ये आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीवरून हे दाखवून दिलं होतं. 'अमुक घेतलं आणि दोन महिन्यांत कोलेस्टेरॉल उतरलं' या छापाच्या निम्म्याअधिक गोष्टी मला याच खात्यातल्या वाटतात.

आणि ते पॅकेज प्रकरण. 'नॉर्मल' मर्यादा बहुधा अशी आखतात की धडधाकट माणसांतली ९५ टक्के आत बसावीत. आता एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या केल्या तर पूर्ण निरोगी माणसाचीही किमान एक तरी लाल अक्षरात येण्याची शक्यता ६४ टक्के होते. चाचण्या जितक्या जास्त, तितका लाल रंग जास्त.

परीक्षानळी

रेषाअरेषा, हे तुम्ही माझ्यापेक्षा सोपं सांगितलंत. फक्त एलडीएलला तो ९५ टक्क्यांचा नियम लावू नका, तिथल्या मर्यादा धोक्यावरून ठरवलेल्या असतात.

तळ्यातमळ्यात, दाढेने उत्तर दिलं. सीआरपी यकृतात तयार होते आणि शरीरात कुठेही जळजळ झाली की काही तासांत वाढू लागते, दोनेक दिवसांत टोक गाठते. ती हिरडी आणि हृदयाची रक्तवाहिनी असा भेद करत नाही. निरोगी माणसातही ती ४० टक्क्यांच्या आसपास वरखाली होते. म्हणूनच २००३ मध्ये अमेरिकेतल्या सीडीसी आणि हार्ट असोसिएशनने सांगितलं होतं की ती दोनदा करा, साधारण दोन आठवड्यांच्या अंतराने, तब्येत ठीक असताना, आणि सरासरी धरा. १० च्या वर आली तर हृदयाचा विचार बाजूला ठेवून आधी संसर्ग शोधा. सुजलेल्या गालानिशी आलेली ३.६ मी तरी मोजणीत धरणार नाही.

चौथ्या लिपिड प्रोफाइलबद्दल: डॉक्टरांना हवं असेल तर करा, त्याच पहिल्या लॅबमध्ये, सकाळी, बसून. पण त्याने सरासरी १३४ ची १३१ होईल किंवा १३७ होईल, निर्णय काही बदलायचा नाही. तुमच्या डॉक्टरांना एकच विचारा: लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण) करू या का? वडिलांना ५५ च्या आत झटका आला, हे तुमच्या कागदावरचं मला सगळ्यात बोलकं वाटतं, आणि ते तुम्ही एका ओळीत उरकलंत. लायपोप्रोटीन-ए बहुतांशी आनुवंशिक असतं. पथ्याने, चालण्याने हलत नाही, वर्षानुवर्षं जवळपास तिथेच राहतं. युरोपच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत तर प्रत्येक प्रौढाने आयुष्यात एकदा ते तपासावं असं म्हटलंय. तुम्ही रोज बदलणारी गोष्ट तीनदा मोजलीत आणि न बदलणारी एकदाही नाही.

बीपीही घरी मोजा. सकाळ-संध्याकाळ, आठवडाभर, बसून, आणि त्याचीही सरासरी. १२८ आणि १३८ मधलं अंतर तुमच्या एकंदर धोक्याच्या हिशेबात एलडीएलच्या त्या सहा आकड्यांपेक्षा मोठं आहे.

कुशंकाताई, आता तुमचं. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला की एलडीएल दुपटीने उतरत नाही. पहिल्या डोसानेच मोठा पल्ला मारलेला असतो. त्यानंतर प्रत्येक दुपटीला आणखी साधारण ६ टक्के. तुमच्या ९२ चे व्हायला हवे होते ८६-८७. आले ९०. हा ३-४ चा फरक दोन रिपोर्टांवरून सांगणं म्हणजे हलत्या होडीत उभं राहून उंची मोजण्यासारखं आहे. गोळी लागू पडली का, हे बघायचं तर गोळी सुरू व्हायच्या आधीचा तुमचा आकडा किती होता?

कुशंका

१६१ होता. तोही एकदाच केलेला.

परीक्षानळी

१६१ चे ९०. ४४ टक्के घट. लागू पडतेय, आणि झकास पडतेय. दर तीन महिन्यांनी कशाला करता? २००८ मध्ये ग्लाझिऊ आणि सहकाऱ्यांनी 'लिपिड' नावाच्या एका मोठ्या औषध-चाचणीतल्या, म्हणजे ९,०१४ रुग्णांच्या, कोलेस्टेरॉलच्या जुन्या नोंदी तपासल्या. गोळी स्थिर झाल्यावर खरी पातळी इतकी सावकाश सरकते की वारंवार मोजलं तर आपण बहुतेक वेळा थरथरच मोजतो, असं त्यांना दिसलं. त्यांच्या मते वर्षाला एकदाही जास्तच होतं. अनेक डॉक्टर वर्षातून एकदा सांगतात, गोळ्या नियमित घेतल्या जातात का हेही त्यातून कळतं म्हणून, आणि ते मला पटतं. तीन महिन्यांचं अंतर कुणी सांगितलंय ते विचारून घ्या.

तळ्यातमळ्यात

अपडेट. लायपोप्रोटीन-ए आलं: १४२ नॅनोमोल प्रति लिटर. घरचं बीपी सरासरी १३४. एका नातेवाइकाचं लायपोप्रोटीन-ए ६० मिलिग्रॅम होतं, तो म्हणतो तुझं दुपटीहून जास्त आहे. डॉक्टरांनी रोसुव्हास्टॅटिन १० सुरू करायचं ठरवलंय, आठ आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल सांगितलंय. माझा पुन्हा तोच जुना प्रश्न: त्या वेळी येणारा आकडा तरी खरा कशावरून?

परीक्षानळी

नातेवाइकाला सांगा, नॅनोमोल आणि मिलिग्रॅम यांची तुलना करू नये. या कणांचा आकार माणसागणिक वेगळा असतो, त्यामुळे एकातून दुसऱ्यात नेणारा नेमका गुणक नाही. मिलिग्रॅममध्ये ५० च्या वर आणि नॅनोमोलमध्ये १२५ च्या वर जास्त मानतात, म्हणजे तुम्ही दोघंही एकाच रांगेत आहात. ही तपासणी पुन्हा करायची गरज सहसा पडत नाही, रिपोर्ट जपून ठेवा. सख्ख्या भावंडांना आणि मुलांना मात्र हा आकडा कळवा, त्यांनीही एकदा करावी.

आठ आठवड्यांनंतरचं सांगते. चालण्याने होणारा माफक बदल या चाचणीला दिसत नाही, कारण तो २४ टक्क्यांच्या उंबऱ्याखाली दबतो. ही गोळी या डोसात एलडीएल ३० टक्क्यांहून जास्त उतरवते, बऱ्याचदा चाळीसच्या पुढे. तो बदल थरथरीपेक्षा मोठा आहे, एका रिपोर्टातही दिसतो. १३४ वरून ९० च्या खाली आलात तर शंकेला जागाच नाही. १२० च्या आसपास आला तर पुन्हा करून बघा, आणि गोळ्या चुकल्या का तेही आठवा.

फक्त दोन गोष्टी सांभाळा. त्या वेळी पहिल्याच लॅबमध्ये जा, सूत्राचंच एलडीएल घ्या. आणि डॉक्टरांच्या फाइलमध्ये 'गोळीच्या आधी' या रकान्यात सध्या बहुधा १५२ लिहिलेलं असणार, कारण शेवटचा रिपोर्ट तोच. तिथे १३४ लिहून घ्या, नाहीतर पुढे १०० आला की कागदावर ३४ टक्के घट दिसेल आणि प्रत्यक्षात ती २५ च असेल.

कुशंका

म्हणजे माझं ते एकदाच केलेलं १६१ सुद्धा...?

परीक्षानळी

खरी पातळी १३५ ते १८७ मध्ये कुठेही असू शकते. अगदी १३५ धरली तरी ९० म्हणजे ३३ टक्के घट. झोपा आता.